मधुमेहाची लक्षणे आणि आपण त्यांना देत असलेली कारणे

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने घेण्याचे काम मी करते. सुई टोचली जात असताना लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून असेल, किंवा समोरची व्यक्ती डॉक्टर नसल्यामुळे संकोच वाटत नसेल, पण त्या दोन मिनिटांत माणसे आपल्या प्रकृतीविषयी बरेच काही सांगून जातात. ज्यांच्या अहवालात मधुमेह प्रथमच आढळतो, त्यांच्यापैकी अनेकांना त्रास आधीपासून जाणवत असतो आणि प्रत्येक त्रासाला त्यांनी एकेक पटण्याजोगे कारणही शोधून ठेवलेले असते. तहान लागते ती उकाड्यामुळे, थकवा येतो तो कामाच्या ताणामुळे, रात्री लघवीला उठावे लागते ते वयामुळे, अंधुक दिसते ते मोबाइलमुळे आणि वजन कमी झाले ते हल्ली चालायला जात असल्यामुळे. यांतले कोणतेही कारण सुटे घेतले तर खोटे वाटत नाही. हा आजार नजरेतून निसटतो तो लक्षणे विचित्र असतात म्हणून नव्हे, ती अतिशय साधी असतात म्हणून, असे माझे मत झाले आहे. म्हणूनच लक्षणांची नुसती यादी पाठ करण्यापेक्षा ती शरीरात का उद्भवतात हे समजून घेणे मला अधिक उपयोगाचे वाटते. कारण कळले की आपल्या त्रासाला आपण दिलेले स्पष्टीकरण पुरेसे आहे की नाही, हे तपासून पाहता येते.

सुरुवात तहान आणि लघवी यांपासून करावी लागते, कारण बाकीच्या बऱ्याच लक्षणांचे मूळ तिथेच सापडते. मूत्रपिंडे रक्त गाळताना त्यातील ग्लुकोजही गाळतात, पण निरोगी माणसात ते जवळजवळ सगळे परत शोषून रक्तात सोडले जाते. या शोषणाला मर्यादा आहे. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडांना सगळे ग्लुकोज परत घेणे जमत नाही आणि उरलेले लघवीत उतरते. ग्लुकोज एकटे जात नाही, ते आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. त्यामुळे लघवीचे प्रमाण वाढते, शरीरातील पाणी कमी होते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी मेंदू तहानेची जाणीव निर्माण करतो. क्रम असा आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. बहुतेक लोक मला सांगतात की पाणी जास्त प्यायले जाते, म्हणून लघवीला जास्त जावे लागते. मधुमेहात प्रत्यक्षात उलट घडत असते: लघवी आधी वाढते आणि तहान तिच्या मागून येते. अशा वेळी पाणी पिणे मुद्दाम कमी केले, तर लघवी फारशी कमी होत नाही, शरीर मात्र अधिक कोरडे पडते. तहान भागवण्यासाठी गोड शीतपेये किंवा फळांचे रस घेतले, तर साखर आणखी वाढते आणि तहानही वाढते. सतत गोड पेये पिऊनही घसा कोरडाच राहतो अशी तक्रार कोणी केली, तर ती मला फार बोलकी वाटते.

रात्री लघवीसाठी उठावे लागण्याची इतरही कारणे असतात आणि त्यांतला फरक थोडे लक्ष दिल्यास ओळखता येतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषाला वारंवार जावेसे वाटते, परंतु प्रत्येक वेळी थोडीच लघवी होते, धार मंद असते आणि पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात जळजळ आणि घाई असते. मधुमेहात मात्र प्रत्येक वेळी भरपूर लघवी होते आणि परत आल्यावर पाण्याचा तांब्या हाती घ्यावासा वाटतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे आणि झोपण्याआधी घेतलेली पेये यांचाही विचार करावा लागतो. अर्थात हा फरक म्हणजे निदान नव्हे, तपासणी करून घ्यायची की नाही हे ठरवण्यापुरताच तो उपयोगी आहे. शिवाय प्रोस्टेटचा त्रास आणि मधुमेह एकाच माणसाला असू शकतात, त्यामुळे एक कारण सापडले म्हणून दुसरे बाद होत नाही. वाढत्या वयात आणखी एक अडचण येते. वृद्धांमध्ये ग्लुकोज लघवीत उतरण्याची पातळी बरीच वर सरकलेली असते आणि तहानेची जाणीवही बोथट झालेली असते. म्हणून सत्तरीच्या माणसाला साखर बरीच वाढलेली असूनही तहान किंवा लघवी यांविषयी काहीच तक्रार नसू शकते. त्याच्या बाबतीत नुसता गळून गेल्यासारखा थकवा, तोल जाणे किंवा बोलण्यातला गोंधळ हीच पहिली खूण ठरू शकते.

लघवीतील या साखरेचा इतिहासही रोचक आहे. प्रमेहाच्या (आयुर्वेदात मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांच्या गटाच्या) पूर्वलक्षणांमध्ये रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या आकर्षित होतात, असे निरीक्षण चरकसंहितेत नोंदवलेले आहे. युरोपात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकात या लघवीच्या गोडीचे वर्णन केले आणि ती गोडी साखरेचीच आहे हे मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ मध्ये दाखवून दिले. मुंग्यांची ती खूण आजही सांगितली जाते, पण तिच्यावर विसंबणे योग्य नाही. लघवीत साखर उतरण्यासाठी रक्तातील साखर आधी पुष्कळ वाढावी लागते, तर उपाशीपोटीची साखर १२६ असली तरी मधुमेहाचे निदान होऊ शकते. मधल्या त्या पट्ट्यात असलेल्या माणसाच्या लघवीला मुंग्या लागणार नाहीत आणि लघवीच्या तपासणीतही बहुधा काही सापडणार नाही.

वजन घटणे हे लक्षण लोकांच्या सर्वांत कमी लक्षात येते, कारण त्याचे स्वागत होते. रक्तातील साखर पेशींत शिरायला मदत करणारे इन्सुलिन हे संप्रेरक पुरेसे नसले, किंवा असूनही त्याचा परिणाम होत नसला, तर रक्तातील साखर स्नायू आणि चरबीच्या पेशींत नीट शिरत नाही. रक्तात साखरेची रेलचेल असते आणि पेशी उपाशी राहतात. मग शरीर साठवलेली चरबी आणि स्नायूंमधील प्रथिने मोडून ऊर्जा मिळवू लागते. त्याच वेळी लघवीवाटेही ऊर्जा वाया जात असते: दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज बाहेर गेले, तर सुमारे ४०० कॅलरी खाऊनही न खाल्ल्यासारख्या होतात. म्हणून या अवस्थेत भूक वाढलेली असते, खाणेही वाढलेले असते, आणि तरी कपडे सैल होत जातात. खाणे वाढूनही वजन उतरत असेल, तर त्याचे श्रेय व्यायामाला देण्याआधी रक्त तपासून घ्यावे. हायपरथायरॉइडिझममध्येही (थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय होण्याच्या विकारातही) असेच घडते, त्यामुळे डॉक्टर बहुधा दोन्ही तपासण्या एकत्र सांगतात. टाइप २ मधुमेहात, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही अशा नेहमीच्या प्रकारात, मात्र वजन उतरेलच असे नाही. बहुतेकांचे वजन निदानाच्या वेळी वाढलेलेच असते आणि म्हणूनच 'मी तर चांगला धडधाकट आहे' हा समज टिकून राहतो. याउलट सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही, हेही खरे नाही. गोड खाण्याची आवड असणे हे मधुमेहाचे लक्षण नाही आणि गोड न खाणे हे मधुमेह नसल्याचे प्रमाणपत्रही नाही.

थकव्याविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावरून स्वतंत्रपणे काहीच ठरवता येत नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, अपुरी झोप, नैराश्य, अशा कितीतरी कारणांनी माणूस थकतो. तहान, लघवी किंवा वजनातील बदल यांच्या जोडीने थकवा आला, तर मात्र त्याला महत्त्व येते.

डोळ्यांचे लक्षण फसवे आहे. रक्तातील साखर वाढली की डोळ्यातील भिंगाच्या आतील पाण्याचे प्रमाण बदलते, भिंग किंचित फुगते आणि चष्म्याचा नंबर सरकतो. काहींना दूरचे अंधुक दिसू लागते, तर चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या काहींना जवळचे अचानक चष्म्याविना वाचता येऊ लागते आणि नजर सुधारली म्हणून ते आनंदतात. नंबर थोड्या काळात वर-खाली होत असेल, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असे दिसत असेल, तर नवा चष्मा करण्याआधी साखर पाहावी. मधुमेहाचे निदान होऊन उपचार सुरू झाल्यावरही काही आठवडे नजर अस्थिर राहते, म्हणून साखर आटोक्यात येऊन स्थिरावेपर्यंत चष्मा बदलू नये असे सांगितले जाते. हा बदल तात्पुरता असतो. दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांना होणारी इजा ही त्याहून वेगळी आणि गंभीर बाब आहे, आणि ती बराच काळ काहीही जाणवू न देता वाढते. त्यामुळे टाइप २ मधुमेहाचे निदान होताच, नजर उत्तम असली तरी, बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो.

त्वचेविषयी बोलताना लोक थोडे अवघडतात, आणि नेमकी तीच लक्षणे सांगायची राहून जातात. लघवीतील साखरेमुळे जननेंद्रियांच्या आसपास बुरशी सहज वाढते. स्त्रियांना योनीमार्गात खाज, पांढरा स्राव आणि जळजळ पुन्हा पुन्हा होते, तर पुरुषांना शिश्नाच्या टोकाशी लाली, खाज किंवा त्वचेला चिरा पडण्याचा त्रास होतो. मलम लावून तो बरा होतो आणि काही दिवसांनी परत येतो. असा त्रास परतून येत असेल, तर नवे मलम शोधण्याऐवजी साखर तपासणे शहाणपणाचे. हा विषय दुकानदाराशी कुजबुजून मिटवण्याचा नाही. वारंवार होणारी गळवे, लघवीचा जंतुसंसर्ग, सुजून रक्त येणाऱ्या हिरड्या, हलणारे दात आणि लवकर न भरणारी जखम हीही त्याच गटातली लक्षणे आहेत; साखर वाढलेली असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत आणि लहान रक्तवाहिन्यांतील रक्तपुरवठाही मंदावतो. मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत मखमलीसारखी जाडसर, काळपट दिसणारी त्वचा ही आणखी एक खूण. ती मळ समजून घासली जाते, पण घासल्याने जात नाही. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनमुळे तिथली त्वचा जाड होते. ही खूण मधुमेह होण्याच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकते, म्हणजे काही करण्यासारखे अजून हातात असताना दिसते. म्हणून इतर कोणत्याही लक्षणापेक्षा हिच्याकडे लोकांनी लक्ष द्यावे असे मला वाटते, विशेषतः ती किशोरवयीन मुलांमध्ये दिसत असेल तर.

पायांच्या तक्रारी सहसा उशिरा येतात. मुंग्या येणे, आग होणे, सुया टोचल्यासारखे वाटणे हे दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होते, रात्री वाढते आणि हळूहळू वर सरकते. सर्वांत लांब मज्जातंतूंना इजा आधी होते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांत होते. एकाच पायात कंबरेपासून खाली येणारी कळ असेल, तर ती बहुधा मणक्याशी संबंधित असते. मुंग्यांमुळे माणूस निदान डॉक्टरांकडे जातो तरी. संवेदना हरपते तेव्हा मात्र तक्रार करण्यासारखे काही उरतच नाही. चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, खडा टोचला तरी न जाणवणे, अशा गोष्टी घरातल्या इतरांच्या आधी लक्षात येतात. पुरुषांमधील लैंगिक ताठरतेची अडचण हीसुद्धा मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांच्या इजेतून उद्भवू शकते आणि काही वेळा निदानाच्या आधीपासून असते. खांदा आखडणे आणि बोट वाकवल्यावर अडकून राहणे हे त्रासही मधुमेह असलेल्यांमध्ये अधिक आढळतात. अस्थिरोगतज्ज्ञांनी साखर तपासायला सांगितली की अनेकांना आश्चर्य वाटते, ते या माहितीअभावी.

इतके सगळे लिहून झाल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे: टाइप २ मधुमेहात यांपैकी काहीही न जाणवणे ही अगदी नेहमीची स्थिती आहे. साखर हळूहळू, वर्षानुवर्षे वाढते आणि शरीर तिच्याशी जुळवून घेते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या प्रसिद्ध अभ्यासात नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण घेण्यात आले होते, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या शरीरात निदानाच्या वेळीच मधुमेहामुळे झालेल्या इजेच्या काही ना काही खुणा सापडल्या. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात २० ते ७९ वयोगटातील ५३.७ कोटी लोकांना मधुमेह होता आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाही नव्हती. म्हणून लक्षणांची वाट पाहणे ही पद्धतच चुकीची आहे. अमेरिकन डायबिटीज असोसिएशन वयाच्या ३५ व्या वर्षापासून सर्वांनीच तपासणी करावी आणि अहवाल सामान्य आला तरी ती किमान दर तीन वर्षांनी पुन्हा करावी असे सुचवते. आईवडील किंवा भावंडांना मधुमेह असणे, वजन जास्त असणे, उच्च रक्तदाब, गरोदरपणी साखर वाढलेली असणे, पीसीओएस (स्त्रियांमधील बीजांडकोशांशी संबंधित संप्रेरकांचा विकार), मानेवरची ती काळपट त्वचा, किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणे यांपैकी काही लागू असेल, तर तपासणीचा विचार त्याही आधी व्हायला हवा. गरोदरपणातील मधुमेहात तर लक्षणे बहुधा नसतातच आणि असली तरी तहान, थकवा आणि लघवी हे सगळे गरोदरपणाच्या खात्यावर मांडले जाते. त्यामुळे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यानची तपासणी चुकवू नये.

तपासणीच्या आकड्यांविषयी माझ्या टेबलापाशी सर्वाधिक गोंधळ होतो. किमान आठ तास काही न खाता घेतलेल्या रक्तात साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, किंवा एचबीए१सी (तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण) ६.५ टक्के किंवा अधिक असेल, तर ती मधुमेहाची पातळी मानली जाते. लक्षणे काहीच नसतील, तर एका आकड्यावर शिक्कामोर्तब होत नाही, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी लागते. लक्षणे स्पष्ट असतील, तर दिवसाच्या कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तात साखर २०० किंवा अधिक असणे पुरेसे असते. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था. तिला अनेक जण 'थोडी साखर आहे' म्हणून सोडून देतात, हे मला पटत नाही, कारण आहार, व्यायाम आणि वजन यांचा सर्वाधिक उपयोग याच टप्प्यावर होतो. उपाशीपोटी येताना पाणी प्यायलेले चालते. तपासणीच्या आदल्या दिवशी मुद्दाम कमी खाऊन 'चांगला' अहवाल मिळवण्यात काही अर्थ नाही, कारण एचबीए१सी मागच्या सुमारे तीन महिन्यांचा हिशोब मांडते. तिलाही मर्यादा आहेत: लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात ती खोटी वाढलेली दिसू शकते, तर तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असतील किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल तर खोटी कमी. म्हणून रक्तक्षय असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा. घरच्या ग्लुकोमीटरवरचा आकडा इशारा म्हणून उपयोगी आहे, पण निदान शिरेतून घेतलेल्या रक्तावर करायचे असते. बोटाला काही गोड लागलेले असतानाच थेंब घेतला, तर तो आकडा भलताच मोठा येतो, हे जाता जाता सांगून ठेवते.

उपाशीपोटी या, दोन दिवसांनी पुन्हा तपासू, असे म्हणत थांबणे एका परिस्थितीत मात्र घातक ठरते, आणि ती म्हणजे टाइप १ मधुमेह. यात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेकडून नष्ट होतात. तो बालपणी आणि तरुणपणी अधिक दिसतो, परंतु कोणत्याही वयात होऊ शकतो, आणि त्याची लक्षणे वर्षांत नव्हे, तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाढतात. रात्री अंथरूण ओले करणे बंद झालेले मूल पुन्हा ते करू लागते, शाळेत पाण्याची बाटली वारंवार रिकामी होते, मूल चिडचिडे होते आणि झपाट्याने वाळते. तान्ह्या बाळाचे लंगोट नेहमीपेक्षा जड होतात. इन्सुलिनअभावी चरबी बेसुमार जळू लागली की रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. मग उलट्या, पोटदुखी, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, खोल आणि भराभर चालणारा श्वास आणि गुंगी अशी लक्षणे दिसतात. उलट्या आणि पोटदुखी हे पोटाच्या बिघाडासारखे भासते, वेगवान श्वास दम्यासारखा किंवा न्यूमोनियासारखा भासतो, आणि तिथेच मौल्यवान तास वाया जातात. पोटाच्या बिघाडात पाणी कमी झालेल्या मुलाची लघवी घटते. उलट्या होत असूनही मूल भरपूर लघवी करत असेल आणि पाणी मागत असेल, तर मधुमेहाची शंका घ्यावी. अशा वेळी दिवस कोणता, मूल जेवलेले आहे की उपाशी, हे पाहायचे नसते. बोटाच्या एका थेंबावर साखर जवळच्या दवाखान्यात त्याच तासाला तपासून घ्यावी, ती वाढलेली निघाली तर मुलाला थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे, आणि श्वास खोल चालू असेल किंवा मूल गुंगीत असेल, तर त्या थेंबासाठीही वाटेत थांबू नये.